स्वतः जोडणाऱ्या पगारे मॅडम

आमच्या ज्युनिअर कॉलेजात कोणालाही घरी कॉम्प्युटर घ्यायचा झाला, की तो आधी पगारे मॅडमकडे जायचा आणि मग दुकानात. मॅडम कॉम्प्युटर सायन्स शिकवायच्या. समोरचा येऊन विचारायचा, "मॅडम, असेंबल करून घेऊ की कंपनीचा तयार घेऊ?" आणि मॅडम पेपर तपासता तपासता, मान वर न करता उलट विचारायच्या, "बिघडला तर कोणाला फोन कराल?"

माणूस गडबडायचा. अजून घेतलाच नाही तर बिघडायच्या गोष्टी कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. कोणी म्हणायचं, भाच्याला करीन. बरेच जण म्हणायचे, तुम्हालाच करू की.

"मला करणार असाल तर तयार घ्या," मॅडम म्हणायच्या. "कंपनीचा माणूस घरी येतो. मी येणार नाही."

हे साफ खोटं होतं. त्या यायच्या. सिडकोपासून जेल रोडपर्यंत कुठल्याही घरी, स्कूटरवर, पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रू ड्रायव्हर ठेवून. पण एखादा म्हणाला, की "आधी मीच उघडून बघेन," तर त्यांचा लाल पेन खाली ठेवला जायचा. त्या पहिल्यांदा त्या माणसाकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "बसा. मग जोडूच."

उंच, सावळ्या, चालणं इतकं भरभर की कॉरिडॉरमध्ये त्यांच्याबरोबर बोलायचं तर अर्धवट पळावं लागायचं. पदर कमरेला घट्ट खोचलेला. आवाज मोठा, आणि तो त्यांना लहान करता यायचा नाही. स्टाफरूममध्ये त्यांनी कोणाच्या कानात काही सांगितलं तर ते शिपायापर्यंत ऐकू जायचं, त्यामुळे त्यांना कोणी गुपित सांगत नसे आणि त्यांचंही काही गुपित राहत नसे.

मी मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपर्यंतच. पण मुलगी अकरावीत गेली आणि घरात कॉम्प्युटर हवा झाला, तेव्हा मीही त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. नेहमीचा प्रश्न आला. मी खरं ते सांगून टाकलं, "बिघडला तर मी रडत बसेन हो."

त्यांना हसू आलं. "रडणाऱ्यांनी तयार घ्यावा." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण देवरे मॅडम, तुम्ही पोरांचे निबंध वाचता तेव्हा गाडी कुठं अडली ते शोधताच ना? इथं वेगळं काय करायचंय?"

शनिवारी कॉलेज सुटल्यावर त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून एम. जी. रोडला नेलं. तिथल्या दुकानदारांना त्या चांगल्याच ठाऊक होत्या. एकाने आत लाल-निळे दिवे लागणारा काचेचा कॅबिनेट पुढे केला. "हा ठेवा," मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे लग्न नाही." पॉवर सप्लाय मात्र त्यांनी स्वतः हातात घेतला आणि भाजीवाल्याकडून कोबीचा गड्डा घ्यावा तसा वरखाली करून वजन बघितलं. "हलका लागतोय. आत काही आहे की नुसता पंखा?" दुकानदार हसला आणि आतून दुसरा घेऊन आला. परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा त्या मागे वळून म्हणाल्या, "काटकसर करायची तर बाहेरच्या डब्यात करा. पॉवर सप्लायमध्ये केली की एक दिवस तो बाकीच्यांना घेऊन जातो." हे सगळं इतक्या मोठ्याने, की शेजारच्या रिक्षावाल्याने मान डोलावली.

आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या, गजाला हात लावला आणि परत येऊन बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझ्या सासूबाईंना वाटलं, समोरच्या मारुतीला नमस्कार करताहेत, आणि त्यांना मॅडम एकदम आवडल्या. प्रत्यक्षात अंगात साठलेली वीज आधी लोखंडाला द्यायची आणि मगच कॉम्प्युटरच्या आत हात घालायचा, असा तो नियम होता. आम्हालाही गजाला हात लावायला लावला. सासूबाईंनीही लावला.

सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून झाल्यावर त्यांनी पहिला स्क्रू माझ्या हातावर ठेवला. "हा तुम्ही लावा. मी लावला तर मशीन माझं होईल." माझा स्क्रू दोनदा निसटून आत पडला. त्या काही बोलल्या नाहीत, घाई केली नाही, हातातून काढून घेतला नाही. नुसतं बघत राहिल्या. दुसऱ्याच्या हातातलं काम न ओढता बघत राहणं मी पुष्कळ शिक्षकांमध्ये शोधलं आहे. फार कमी जणांना जमतं.

त्यांना असेंबलचं वेड आहे असा सगळ्यांचा समज होता. म्हणून कॉलेजच्या लॅबसाठी नवी मशीनं घ्यायची ठरली, तेव्हा प्राचार्य आधीच वाद घालायच्या तयारीने बसले होते. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "सर, तयार घ्या. कंपनीची, देखभालीच्या करारासकट." प्राचार्य चष्म्यावरून बघत राहिले. "मी आजारी पडले, माझी बदली झाली, तर पोरांचं प्रॅक्टिकल अडायला नको," त्या म्हणाल्या. "फक्त जुन्यातलं एक मशीन मला द्या. त्याला हात लावायची सगळ्यांना परवानगी पाहिजे."

त्या जुन्या मशीनचं नाव पडलं पेशंट. दरवर्षी अकरावीची पोरं पेशंटला टेबलावर घेऊन पार सुटा करायची आणि पुन्हा जोडायची. एका वर्षी जोडून झाल्यावर तो सुरूच होईना. पोरींचे चेहरे उतरले, पोरं एकमेकांवर ओरडायला लागली. मी त्या वेळी काहीतरी विचारायला लॅबमध्ये गेले होते. मॅडम शांतपणे चहा पीत बसल्या होत्या.

"बटण दाबत नका बसू," त्या म्हणाल्या. "मशीन रुसत नाही. तुमचं काहीतरी राहिलंय. काय राहिलं ते एकमेकांना विचारा, मला नाही."

तास संपत आला तेव्हा पिंपळगावकडून रोज एसटीने येणारी एक मुलगी भीतभीत म्हणाली, "मॅडम, एक बारीक वायर कमी आहे. आपण काढली तेव्हा होती." मॅडमनी पर्स उघडली आणि वायर टेबलावर ठेवली. मग वर्गात जो काही आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

हे सगळं त्यांचे हात चांगले होते तेव्हाचं.

आधी त्यांचं फळ्यावरचं अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची तेव्हा ठीक असायची, पुढे पुढे मुंगीएवढी व्हायची. मागच्या बाकावरची पोरं तक्रार करायला लागली. मॅडम पुसून पुन्हा मोठं लिहायच्या आणि ते पुन्हा लहान व्हायचं. मग एका निरोप समारंभात माझ्या लक्षात आलं, की त्यांनी चहाचा कप उचललाच नाही. उजवा हात मांडीवर होता आणि त्याच्यावर डावा हात दाबून धरलेला. लहान मुलाला समारंभात गप्प बसवावं तसा.

कंपवाताचं निदान झालं ते त्यांनी मला जिन्यात सांगितलं. आवाज नेहमीसारखाच मोठा, त्यामुळे खालून वर येणाऱ्या क्लार्कनेही ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला कळलं. मग स्टाफरूममध्ये धीर देणाऱ्यांची रांग लागली. आमचे एक उत्साही सहकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या भाषेत सांगायचं तर वायरिंगचा प्रॉब्लेम आहे. होईल दुरुस्त."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. "माणसाचं वायरिंग नसतं, सर," त्या म्हणाल्या. "असतं तर मी उघडून बघितलं असतं."



त्याच सुमारास त्यांच्या घरचा कॉम्प्युटर बंद पडला. त्यांनीच जोडलेला, पुष्कळ वर्षं चाललेला. बोर्डच गेला होता आणि त्या जातीचा बोर्ड आता मिळत नव्हता. म्हणजे नवा घ्यायचा. आणि लवकर घ्यायचा, कारण मॅडमनी एक काम अंगावर घेतलं होतं. खेड्यातून येणाऱ्या आमच्या मुलांना इंग्रजी पुस्तकातलं प्रोग्रॅमिंग कळत नाही, म्हणून त्या मराठीतून धडे बोलून रेकॉर्ड करायच्या, त्यांना चित्रं जोडायच्या आणि मुलांच्या फोनवर पाठवायच्या. निम्मे धडे झाले होते. हातापाठोपाठ आवाजही जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून घाई.

त्यांचे मिस्टर, पगारे सर, येवल्याकडच्या एका शाळेत शिक्षक. रोज जाऊन-येऊन करायचे. अगदी मऊ माणूस. कधी मोठ्याने बोलले नाहीत, तशी गरजच नसावी. त्यांचं म्हणणं, तयार घेऊ. बंगळूरला नोकरीला असलेल्या मुलाचं, तुषारचं म्हणणं तेच. फोन स्पीकरवर होता आणि मी तिथेच बसले होते.

"मम्मी, मी इथून ऑर्डर करतो. परवा घरी येईल. प्लग लावला की सुरू."

"मला जोडायचाय."

"अगं पण कशाला? काही झालं तर कंपनी बघेल. तुझाच तो प्रश्न ना, बिघडला तर कोणाला फोन करणार? आता कोणाला करणार तू?"

मुलगा वाईट बोलला नव्हता. त्याच्या आवाजात काळजीच होती. पण पगारे सरांनी पंख्याकडे बघितलं. मॅडमनी फोन उचलून कानाला लावला आणि म्हणाल्या, "ठेवते आता. जेवलास का?" आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घेऊन मगच ठेवला.

पुढच्या आठवड्यात सगळे भाग घरी आले होते. त्यांनीच एकेक निवडून मागवले होते. मला म्हणाल्या, "रविवारी सकाळी या. काही करायचं नाही, नुसतं बसायचं." त्यांनी नीट विचार केला होता. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात मोकळा होतो आणि मग तासभर तरी बऱ्यापैकी ताब्यात असतो. त्या तासात प्रोसेसर, रॅम आणि मुख्य स्क्रू एवढं उरकायचं. बाकीच्या वायरी काय, हात थरथरला तरी लागतात. गोळीची वेळ त्यांनी माझ्या येण्याशी जुळवली होती.

मी गेले तेव्हा टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, सगळे खोके ओळीने उघडून ठेवलेले. मॅडम खुर्चीत, दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून, हात मोकळा होण्याची वाट बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी बोटं उघडून मिटून बघितली. मग माझ्याकडे बघून हसल्या. "आला," म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात पगारे सरांचे चुलतभाऊ, देवळ्याहून आलेले. एका खांद्यावर कांद्याची गोणी, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. मुलीचं लग्न काढलं होतं. "जय भीम, वहिनी! लय दिवसांनी आलो. तुमची तब्येत बरी नाय ऐकलं, मग म्हटलं पहिली पत्रिका तुमच्याकडं."

काय करणार? पहिली पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला कोणी नंतर या म्हणत नाही. मॅडम उठल्या. पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, वाचली, नवऱ्या मुलाची चौकशी केली. पगारे सर चहा ठेवायला आत गेले. भाऊजी सोफ्यावर बसले आणि सविस्तर सांगायला लागले: स्थळ कसं आलं, मुलगा काय करतो, मंडप कुठे, स्वयंपाकाला कोण. माणूस इतका प्रेमळ, की त्याचा राग येईना. मध्येच त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "हे काय वहिनी, टीव्ही खोलला का?"

"नाही भाऊजी, कॉम्प्युटर जोडतेय."

"तयार नाय मिळत का?"

"मिळतो."

"मग?"

 मॅडमची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाऊन परत आली. मी बघत होते. पगारे सर स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभे होते, तेही घड्याळ बघत होते. आम्हा तिघांना माहीत होतं की तो तास चालला आहे, आणि आमच्यापैकी एकालाही तो थांबवता येत नव्हता. मी एकदा म्हणायचा प्रयत्न केला, "मॅडमना जरा काम..." तर मॅडमच पटकन म्हणाल्या, "भाऊजी, पोहे खाऊन जा." आणि सर पुन्हा आत वळले.

पोहे झाले. दुसरा चहा झाला. भाऊजींनी डोळे पुसले, कारण मुलीच्या आईची आठवण निघाली. ती बाई लग्न बघायला राहिली नव्हती. त्यावर मॅडम त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. मग ते उठले, दारात पुन्हा थांबले, लग्नाला आदल्या दिवशीच यायचं वचन घेतलं, आणि गेले.

मॅडम टेबलापाशी आल्या. उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासल्यासारखा हलायला लागला होता.

"उद्या करू या," पगारे सर म्हणाले.

"उद्या तुम्ही येवल्याला, मी कॉलेजात. आणि उद्याही कोणीतरी येईलच." त्या खिडकीपाशी गेल्या, गजाला हात लावला आणि येऊन बसल्या.

प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. तो बोर्डवरच्या ज्या चौकोनात बसतो, तिथे केसाहून बारीक सोनेरी पिना दाटीवाटीने उभ्या असतात. त्याला दाबायचं नसतं, ढकलायचं नसतं. अलगद वरून ठेवायचा आणि बोटं सोडायची. मॅडमनी वर्षानुवर्षं हे डोळे मिटून केलं होतं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तुकडा उचलला आणि बोर्डावर आणला. हात हवेतच थरथरत राहिला. त्या थांबल्या. श्वास सोडला. पुन्हा खाली आणला.

"मी धरू का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नको."

पगारे सर मागे उभे होते. त्यांचे दोन्ही हात त्यांच्याही नकळत पुढे आले होते, पडणारं काही झेलायला यावेत तसे.

तुकडा बोटांतून सुटला. फार उंचावरून नाही, दोन बोटांच्या अंतरावरून. आवाजसुद्धा झाला नाही. कोपऱ्यावर पडला आणि तिरका झाला. मॅडमनी तो उचलला, बाजूला ठेवला, टेबललॅम्प जवळ ओढला आणि वाकून आत बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मलाही दिसलं: त्या सोनेरी दाटीत एका कोपऱ्यात पिना आडव्या झाल्या होत्या, शेतातून जनावर गेल्यासारख्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

"सरळ करता येतील ना?" सरांनी विचारलं.

"येतात. सुईने, एकेक करून." त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "ज्याचा हात स्थिर आहे त्याला येतात."

मला वाटलं त्या रडतील. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, आम्हाला काहीतरी करता आलं असतं. त्यांनी चादरीची टोकं उचलून सगळ्यावर टाकली आणि म्हणाल्या, "देवरे मॅडम, तुम्ही पोहे खाल्लेच नाहीत." मी पोहे खाल्ले. थंड झाले होते. सर कांद्याची गोणी गॅलरीत ठेवायला गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

सोमवारी मॅडम तो बोर्ड घेऊन वर्गात गेल्या. हे मला मुलांनीच नंतर सांगितलं. त्यांनी बोर्ड पहिल्या बाकावर ठेवला, भिंग दिलं आणि एकेकाला बघायला लावलं. "या वाकलेल्या पिना. प्रोसेसर पडला की असं होतं. माझ्या हातून झालं." एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुमच्या हातून कसं?" त्यांनी उजवा हात उचलून वर्गासमोर धरला. धरून ठेवला, थरथरत होता तसा. मुलं म्हणाली, कोणाला कुठे बघावं कळेना. मग मॅडमनी हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "बघून झालं? आता पुढचं."

एका मुलीने चार-पाच जणांच्या वतीने येऊन सांगितलं, आम्ही घरी येऊन नवा जोडून देतो. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात नीट राहीना म्हणून काढून घेतला. "तुम्ही तुमचे जोडा," एवढंच म्हणाल्या. मी नंतर त्यांना विचारलं, पोरं इतक्या प्रेमाने म्हणत होती, का नाही म्हणालात?

"पोरांनी जोडला काय आणि कंपनीने जोडला काय," त्या म्हणाल्या, "मला आयताच ना."

मग आम्ही तयार घ्यायला गेलो. या वेळी रिक्षाने, कारण स्कूटर त्यांनी सोडली होती. एम. जी. रोडवरच्या ओळखीच्या दुकानांकडे त्यांनी जाऊ दिलं नाही. गंगापूर रोडला एका मोठ्या, थंडगार शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता चांगला मुलगा होता, नम्र होता. त्याने मॅडमना खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी सांडलं तेव्हा टिश्यू दिला. आणि मग हळू, सोप्या शब्दांत, म्हाताऱ्या माणसांना सांगतात तसं सांगायला लागला.

"काकू, हा बघा, एकदम सोपा आहे. काहीच करायचं नाही. तुम्हाला काय, यूट्यूब बघायचं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायचा, एवढंच ना?"

 मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते त्याला, की अरे, ही बाई कोण आहे माहीत आहे का तुला. मॅडमनी टेबलाखाली माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात थरथरत होता आणि तरी त्याचा दाब स्पष्ट होता.

"हो," त्या त्याला म्हणाल्या. "एवढंच."

त्याने एक दाखवला. मॅडमनी पॉवर सप्लायबद्दल विचारलं नाही. आत काय आहे, काहीच विचारलं नाही. फक्त शेवटी, तो बिल करायला वळला तेव्हा, त्यांनी कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणावर बोट ठेवलं. "हे उघडतं का?"

"नाही नाही काकू, ते उघडायचं नाही. सील आहे. उघडलं की वॉरंटी जाते."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

तो कॉम्प्युटर चांगला निघाला. लवकर सुरू व्हायचा, आवाज नव्हता. धड्यांचं काम त्यांनी त्यावर पुढे नेलं. पण आवाज खरंच बसत गेला. तो, जो कधी लहान व्हायचा नाही, तो माइकजवळ तोंड नेऊनही पोचेना. बरेचसे धडे झाले, शेवटचे राहिले. त्या वर्षाअखेर त्यांनी नोकरी सोडली. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. एकदा सहज विचारलं, मशीन कसं चाललंय. त्या काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला.

"बिघडतच नाही हो," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार होती की कौतुक, मला ठरवता आलं नाही.

नंतर माझंही जाणं कमी झालं. मुलीचं लग्न, सासूबाईंचं आजारपण, जे सगळ्यांचं असतं ते. फोन करायचे तर पगारे सर उचलायचे, कारण मॅडमचं बोलणं फोनवर कळायचं नाही. "आहेत बऱ्या," ते म्हणायचे. ते आता निवृत्त झाले होते. येवल्याला जाणं नव्हतं, दिवसभर घरीच असायचे.

मागच्या हिवाळ्यात मी एका सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला गेले होते. चांगलीच थंडी होती. लोक स्वेटर-मफलर घालून भरभर चालत होते. आणि पलीकडच्या बाजूला मला ते दोघं दिसले. मॅडमच्या अंगावर मरून शाल, पायात बूट. पगारे सर त्यांच्या डावीकडे, हातात साधी वेताची काठी.

मॅडम उभ्या होत्या. आधी वाटलं, दमून थांबल्या असतील. मग कळलं की त्या थांबलेल्या नाहीत, त्यांना निघता येत नाही. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. शरीर पुढे झुकलेलं, आणि पाय हलत नाहीत. मागून येणारे लोक दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. कोणी बघत होतं, कोणी बघायचं टाळत होतं. सरांनी त्यांना ओढलं नाही, हात धरला नाही, काही बोललेही नाहीत. ते वाकले आणि हातातली काठी त्यांच्या पावलांपुढे जमिनीवर आडवी ठेवली.

मॅडम काठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि उंबरा ओलांडावा तसा काठीच्या पलीकडे टाकला. मग डावा. आणि एकदा पाय सुटल्यावर त्या चालायला लागल्या, लहान लहान पावलं टाकत, पण चालत. सर काठी उचलून मागून लगबगीने गेले आणि त्यांच्या बाजूला आले.

मी त्यांच्यापासून फार लांब नव्हते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. "मॅडम" एवढं तोंडापर्यंत आलंही होतं. पण हाक मारली असती तर त्या वळल्या असत्या, आणि वळण्यासाठी थांबल्या असत्या.

मी उभी राहून त्यांना जाऊ दिलं.